दमा आत्ताच का आला, हे आधी शोधू या

डॉक्टरताई, नमस्कार.

माझं वय ४६. मिस्टर एसटीत आहेत. सासरे गेल्यावर पाच वर्षांपूर्वी घरची पिठाची गिरणी माझ्याकडे आली. रोजचं दळण असतं, उन्हाळ्यात मिरची-मसाल्याचं कांडपही. मागच्या पावसाळ्यात सर्दी झाली, ती गेली पण खोकला राहिला तो राहिलाच. पहाटे तीन-चारला छातीत शिट्टी वाजते, उठून बसावं लागतं. एका डॉक्टरांनी ॲलर्जी सांगितली, दुसऱ्यांनी ब्राँकायटिस, तिसऱ्यांनी एक्स-रे बघून दमा. दोन पंप दिले. निळ्याने लगेच बरं वाटतं, महिन्याला एक तरी संपायचा. दुसऱ्याने काहीच फरक पडेना म्हणून तो सोडला. जाऊबाई म्हणतात, पंपाची एकदा सवय लागली की सुटत नाही. मग दिरांनी एका ठिकाणाहून पुडी आणली. तीन दिवसांत धाप गेली! दोन महिने घेतेय, पण दोन दिवस चुकली की पुन्हा सुरू. वजन वाढलंय, चेहरा सुजल्यासारखा वाटतो. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून गोळी आणून घेते. मे महिन्यात भाच्याच्या लग्नाला माहेरी वेंगुर्ल्याला पंधरा दिवस होते, तेव्हा मात्र पंपाला हातही लावला नाही. समुद्राची हवा मानवली असेल. आमच्याकडे कोणाला दमा नाही. मग या वयात मलाच का? खरा इलाज कोणता? कोजागिरीला दम्याचं औषध देतात, तिथे जाऊ का? मुलीचं लग्न जमवायचं आहे, त्यामुळे बाहेर कोणाला सांगितलेलं नाही.

– एक वाचक, तासगाव तालुका

ताई, नमस्कार.

तुम्ही तीन-चार प्रश्न विचारलेत, पण सुरुवात न विचारलेल्या गोष्टीपासून करते, कारण ती घाईची आहे. ती पुडी एकदम बंद करू नका. डॉक्टरने असं सांगावं याचं तुम्हाला नवल वाटेल. पण जी पुडी तीन दिवसांत धाप घालवते, दोन महिन्यांत वजन वाढवते, चेहरा गोल करते आणि चुकली की सगळं परत आणते, तिच्यात स्टेरॉइडची गोळी कुटून घातलेली असण्याची शक्यता दाट आहे. तपासल्याशिवाय खात्रीने म्हणता येणार नाही, पण आपण तसं धरूनच चालायचं. असं औषध काही आठवडे रोज पोटात गेलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं. ते काम करणाऱ्या मूत्रपिंडांच्या वरच्या ग्रंथी सुस्तावतात. मग एका दिवसात पुडी तोडली तर उलट्या, चक्कर, रक्तदाब उतरणं, अंगातलं त्राण जाणं यांतलं काहीही होऊ शकतं, आणि दमा उसळतो तो वेगळाच.

म्हणून याच आठवड्यात उरलेल्या पुड्या घेऊन डॉक्टरांकडे जा. ते सकाळच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, तपासतील, साखर आणि रक्तदाब बघतील, आणि उतरत्या मात्रेने तुम्हाला त्यातून बाहेर काढतील. दिरांवर रागावू नका, त्यांनी काळजीपोटीच आणली. वैद्यांबद्दलही माझं सरसकट काही म्हणणं नाही. जे औषधाचं नाव कागदावर लिहून खाली सही करतात, त्यांना उद्या जाऊन विचारता तरी येतं. बिननावाच्या पुडीबद्दल कोणाला विचारणार?

दुसरी घाईची गोष्ट निळ्या पंपाची. त्यात साल्ब्युटामोल असतं आणि बहुतेक पंपांत २०० फवारे असतात. महिन्याला एक संपतो म्हणजे दिवसाला सहा-सात फवारे झाले. वर्षाला तीन किंवा जास्त पंप लागले तर दम्याच्या मोठ्या अटॅकचा धोका वाढतो, आणि महिन्याला एक लागू लागला तर जिवाला धोका वाढतो, असं आता दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाच सांगतात. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या मृत्यूंची मोठी पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या पंपांची नोंद सापडली, त्यांतल्या ३९ टक्के रुग्णांना शेवटच्या वर्षभरात बारापेक्षा जास्त निळे पंप लिहून दिलेले होते. त्या पंपाने माणसं मेली असा याचा अर्थ लावू नका. आराम पडतोय म्हणून आतला आजार वाढत असल्याचं कोणाच्या लक्षात आलं नाही, असा लावा. सध्या पुडीमुळे तुमचा पंप कमी लागत असेल, पण पुडी उतरायला लागली की तो पुन्हा वाढेल. म्हणून पुडी कमी करण्याच्या आधीच दुसरा, तुम्ही सोडून दिलेला पंप नीट सुरू झालेला असला पाहिजे. हा क्रम डॉक्टरांना आठवणीने सांगा.

आणि हे मिस्टरांना, मुलीला आजच वाचून दाखवा. धाप इतकी की एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, ओठ किंवा नखं निळसर दिसतात, निळ्या पंपाचा आराम चार तासही टिकत नाही, किंवा छातीतली शिट्टी अचानक थांबली पण धाप तशीच आहे, यांतलं काहीही झालं तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही. शिट्टी थांबली की लोकांना हायसं वाटतं. पण धाप असताना आवाज बंद होणं म्हणजे आत हवाच शिरत नाहीये. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत ताठ बसवून, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून निळ्या पंपाचे एकेक करून चार ते दहा फवारे द्या, गरज असेल तर वीस मिनिटांनी पुन्हा.

आता तुमचा खरा प्रश्न. ‘या वयात मलाच का?’ हे तुम्ही वैतागून लिहिलंय, पण मला तुमच्या पत्रातला हा सगळ्यात कामाचा प्रश्न वाटतो. लहानपणी दमा होतो तेव्हा बऱ्याचदा घराण्यात कुणाला तरी तो असतो, ॲलर्जी असते, आणि बऱ्याच मुलांचा वाढत्या वयात कमी होतो. चाळिशीनंतर पहिल्यांदा येणाऱ्या दम्याची चाल वेगळी. तो बायकांमध्ये जास्त दिसतो, आपणहून क्वचितच जातो, आणि बऱ्याचदा त्याच्यामागे काहीतरी सापडतं: एखादी न हटलेली सर्दी, वाढलेलं वजन, पाळी जाण्याच्या सुमारासचे बदल, एखादं औषध किंवा रोजचं काम. मोठ्या वयात सुरू होणाऱ्या दम्याच्या साधारण सहा रुग्णांपैकी एकाच्या आजारात कामाच्या जागेचा हात असतो. तुमच्या तिन्ही डॉक्टरांपैकी कोणी विचारलं का, की तुम्ही दिवसभर काय करता? पत्रावरून तसं दिसत नाही.

वेंगुर्ल्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंत. मी मात्र तिथेच थांबले. मे महिन्यात कोकणात हवा दमट असते, लग्नघर म्हणजे माणसांची गर्दी, जागरणं, बंबाचा नाहीतर चुलीचा धूर, तळण. ज्याला हवामानाचा, धुराचा दमा आहे, त्याला अशा ठिकाणी त्रास व्हायला हवा. तुम्हाला पंपाला हात लावावा लागला नाही, आणि तेव्हा पुडीही सुरू झालेली नव्हती. त्या पंधरा दिवसांत तुमच्या आयुष्यातून नेमकी कोणती गोष्ट वजा झाली होती? गिरणी.

तुम्ही म्हणाल, गिरणीत तर मला काही होत नाही, त्रास होतो पहाटे. हीच तर फसगत आहे. धान्याच्या पिठाने होणाऱ्या दम्यात काही जणांना कामावर असतानाच छाती आवळते, पण बऱ्याच जणांना काही तासांनी, संध्याकाळी किंवा रात्री त्रास सुरू होतो. दिवसा पीठ, पहाटे शिट्टी, आणि मध्ये एक झोप, त्यामुळे दोन्हींचा संबंध डोक्यात येत नाही. पुढची शंकाही मला माहीत आहे: पाच वर्षं गिरणी आहे, मग चार वर्षं काही का झालं नाही? कारण शरीराला एखाद्या पदार्थाचं वावडं तयार व्हायला महिने, कधी वर्षं लागतात. तोवर सगळं सुरळीत असतं. एकदा वावडं तयार झालं की मग मूठभर पीठही पुरतं. मागच्या पावसाळ्यातली सर्दी कदाचित निमित्त झाली असेल.

आणि गिरणीत नुसतं गव्हाचं पीठ नसतं. ज्वारी, बाजरी, हरभरा, साठवणीच्या धान्यातले किडे आणि त्यांची विष्ठा, डोळ्यांना न दिसणारे माईट नावाचे जीव, दगडांना टाकी लावताना उडणारी धूळ हे सगळं त्याच हवेत असतं. वर मिरची. मिरचीने वावडं येतं असं नाही, पण सुजलेल्या श्वासनलिकांना तिच्या खाटाने उबळ येते, हे गिरणीवाल्या बाईला मी वेगळं सांगायला नको. हा आजार काही नवा नाही. इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने धान्य चाळणाऱ्यांचा आणि बेकरीवाल्यांचा खोकला, धाप १७०० साली लिहून ठेवली आहे. बेकरीत, रंगाच्या फवारणीत, लाकूडकामात, रसायनांनी साफसफाई करणाऱ्यांतही हाच प्रकार दिसतो. (हे सदर वाचणाऱ्या नोकरदार कामगारांसाठी: कामामुळे होणारा दमा नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे. डॉक्टरांनी तसं निदान केलं तर ते लेखी घ्या. ताईंची गिरणी स्वतःची, त्यांना हा मार्ग नाही.)

पण माझा अंदाज म्हणजे निदान नव्हे. तो पडताळायचा मार्ग साधा आहे आणि निम्मं काम तुम्हालाच करायचंय. मेडिकलमध्ये पीक फ्लो मीटर नावाची प्लॅस्टिकची नळी काही शे रुपयांना मिळते. उभं राहून, छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका झटक्यात जोरात फुंकायचं. काटा जिथे थांबेल तो आकडा. तीनदा फुंकून त्यातला सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहायचा. उठल्याबरोबर, दुपारी, संध्याकाळी, झोपताना असं दिवसातून चार वेळा, तीन-चार आठवडे. शेजारच्या रकान्यात लिहा: गिरणी चालू की बंद, काय दळलं, कांडप होतं का, निळा पंप किती वेळा. मधले काही दिवस सलग गिरणीबाहेर काढा, पुन्हा वेंगुर्ल्याला गेलात तर उत्तमच. आकडे गिरणीच्या दिवसांत घसरत असतील आणि सुट्टीत चढत असतील तर वहीच डॉक्टरांना सगळं सांगेल. पुडी चालू असताना मात्र हे आकडे खोटे चांगले दिसतील, म्हणून वही केव्हा सुरू करायची हे त्यांना विचारून ठरवा.

दुसरी तपासणी स्पायरोमेट्री, आपल्याकडे तिला पीएफटी म्हणतात. दम्याचं निदान एक्स-रेवर होत नाही, दम्यात तो बहुतेक वेळा स्वच्छच असतो. एक्स-रे आणि थुंकीची तपासणी करायची ती क्षय वगैरे दुसरं काही नाही ना हे बघायला, आणि इतका जुना खोकला, त्यात स्टेरॉइडचा संशय, म्हटल्यावर ती करायलाच हवी. पीएफटीत आधी यंत्रात फुंकायचं, मग श्वासनलिका सैल करणारं औषध घ्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा आधीपेक्षा १२ टक्के आणि २०० मिलिलीटर वाढली तर दम्याच्या बाजूने कौल. चाचणीच्या आधी कुठला पंप किती तास घ्यायचा नाही हे फोन करून विचारा. बरं वाटत असलेल्या दिवशी चाचणी व्यवस्थित येऊ शकते, त्यामुळे एकदा नॉर्मल आली म्हणजे दमा नाही असं होत नाही. मिरजेचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला लांब नाही. तिथे छातीच्या विभागात दाखवा. रक्तात इओसिनोफिल नावाच्या पेशी मोजायला सांगतील, ती तपासणी स्वस्त आहे आणि इलाज ठरवायला उपयोगी पडते. पण स्टेरॉइडने त्या पेशी खाली जातात. पुडीबद्दल गप्प बसलात तर रिपोर्टही दिशाभूल करेल.

आता गुडघ्यांची गोळी. मोठ्या वयात दमा झालेल्यांपैकी काहींना ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या वेदनाशामकांनी दमा उसळतो, साधारणपणे गोळी घेतल्यावर अर्ध्या ते तीन तासांत. अशांचं नाक सतत चोंदलेलं असतं, वास येत नाही, नाकात कोंब वाढलेले असतात. तुमचं नाक कसं आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. गोळीच्या पट्टीवर औषधाचं नाव बघा आणि डॉक्टर सांगेपर्यंत ती थांबवा. दुखणं असह्य झालं तर साध्या मात्रेत पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं. तुमच्या पत्रात नाही, पण इतर वाचकांसाठी: रक्तदाबाच्या, छातीत धडधडण्याच्या काही गोळ्या आणि काचबिंदूचे काही थेंबसुद्धा दमा वाढवतात. डोळ्यात घालायचं औषध छातीच्या डॉक्टरांना सांगायचं असतं हे कोणाच्याच मनात येत नाही.

खरा इलाज कोणता, हे विचारताना तुमच्या मनात एखाद्या औषधाचं नाव असावं. मी आधी त्या दुसऱ्या पंपाकडे येते, ज्याने तुम्हाला काही वाटलं नाही. त्यात बहुधा श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड आहे. त्याने लगेच काही वाटायचंच नसतं. दम्यात श्वासनलिका आवळतात आणि आतून सुजतात. निळा पंप आवळलेलं सैल करतो, सूज जशीच्या तशी. गिरणीचं बेअरिंग तापलं की वरून पाणी मारून घटकाभर थंड होईल, पण ग्रीस भरल्याशिवाय पुढचं दळण निघत नाही, तसंच हे. ग्रीस म्हणजे दुसरा पंप. त्याचा फरक काही दिवसांनी जाणवू लागतो आणि पूर्ण फायदा दिसायला दोन-तीन महिने जातात. तुम्ही त्याला पुरते दिवस दिले नाहीत.

मध्यंतरी या विचारात एक मोठा बदल झालाय. पूर्वी सौम्य दम्यात नुसता निळा पंप देत असत. २०१९ पासून आंतरराष्ट्रीय सूचना सांगतात की मोठ्या माणसांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका. ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल असं जोडऔषध असलेला एकच पंप रोजच्यासाठी आणि त्रास झाला तर वरून घ्यायलाही वापरता येतो, कारण फॉर्मोटेरॉल लवकर गुण देतं आणि प्रत्येक वेळी सुजेवरचं औषधही थोडं आत जातं. ‘मला एकच पंप दोन्ही कामांना चालेल का, आणि दिवसाला जास्तीत जास्त किती वेळा घ्यायचा?’ असं डॉक्टरांना स्पष्ट विचारा. प्रत्येक जोडपंपाला हे लागू नाही, म्हणून आपल्या मनाने करू नका. रंगावरही जाऊ नका, डबीवरचं औषधाचं नाव वाचा.

स्टेरॉइड म्हटल्यावर तुम्ही दचकाल, आत्ताच मी पुडीतल्या स्टेरॉइडबद्दल इतकं बोलले. पंपातून रोज जातं ते २०० ते ४०० मायक्रोग्रॅम, थेट फुप्फुसात. अटॅकमध्ये पोटातून देतात ती प्रेडनिसोलोनची मात्रा दिवसाला ४० मिलिग्रॅम असू शकते, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम, सगळ्या शरीरभर. औषधं वेगवेगळी असल्यामुळे हा हिशेब अगदी काट्यावर मोजण्यासारखा नाही, पण अंतर केवढं आहे ते दिसतं. पंपाचे त्रास म्हणजे आवाज बसणं आणि तोंडात पांढरा बुरशीचा थर. घेतल्यावर चूळ भरून थुंकलं की बराचसा प्रश्न मिटतो. जाऊबाईंना सांगा, सवय पंपाची लागत नाही. आजार राहतो म्हणून औषध राहतं, चष्म्याला कोणी व्यसन म्हणत नाही.

आणि पंप घेता कसा? हा भाग मी जरा लांबवणार आहे, कारण ‘पंपाने फरक पडत नाही’ म्हणणाऱ्या पेशंटला मी समोर घ्यायला सांगते तेव्हा बहुतेकदा औषध जिभेवर, टाळूवर आणि पदरावर गेलेलं असतं. फवाऱ्याचा पंप असेल तर हलवायचा, पूर्ण श्वास सोडायचा, ओठांत घट्ट धरून हळू, लांब श्वास घ्यायला सुरुवात करतानाच दाबायचा, मग दहा आकडे श्वास रोखायचा. दुसरा फवारा अर्ध्या मिनिटाने. हे जुळत नसेल तर स्पेसर घ्या, मोठ्या माणसांनी स्पेसर वापरण्यात लाजायचं काही नाही. तो साबणाच्या पाण्यात धुवून नुसता निथळत ठेवायचा, फडक्याने पुसायचा नाही, पुसलं की औषध भिंतीला चिकटतं. कॅप्सूल घालून ओढायचा प्रकार असेल तर नेमकं उलटं: तिथे झटक्यात, जोरात ओढायचं, हळू ओढलं तर पावडर आतच राहते. दोन पंप दोन जातींचे असतील तर घोटाळा ठरलेला. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही भेटतात, आणि चूक त्यांची नसते, कोणी घेऊन दाखवलेलंच नसतं. तुम्ही दोन्ही पंप नेऊन डॉक्टरांसमोर घेऊन दाखवा, आणि दर भेटीत दाखवा, कारण काही महिन्यांनी हात पुन्हा चुकतो.

इतकं करून, तीन महिन्यांनी स्वतःला विचारा: गेल्या चार आठवड्यांत दिवसाचा त्रास आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा झाला? रात्री उठावं लागलं? आराम देणारा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला? काम अडलं? चारही उत्तरं ‘नाही’ असतील तर डॉक्टर मात्रा कमी करायचा विचार करतील. कमी करतील, बंद नव्हे. उत्तरं ‘हो’ येत राहिली तर मात्र पुढे बघावं लागेल: फुप्फुसातल्या बुरशीचं वावडं आपल्याकडे बरंच दिसतं, घशाशी येणारं आम्लपित्त असतं. फार हट्टी दम्यासाठी इंजेक्शनं आता भारतातही मिळतात, पण ती महाग आहेत आणि तुम्ही त्या टप्प्यावर नाही.

राहिली गिरणी. पीठच कारण निघालं तर कितीही चांगलं औषध घेऊन त्याच धुळीत बसणं हा तोट्याचा व्यवहार आहे. लवकर दूर झालेल्यांचा दमा जास्त सुधारतो. पूर्ण दूर झालेल्यांपैकी साधारण एकतृतीयांश लोकांची लक्षणं जातातही. उशीर केला तर गिरणी सुटूनही दमा राहतो. घर त्यावर चालत असेल तर ‘बंद करा’ म्हणणं सोपं नाही, हे मला कळतं. मी तुमच्या जागी असते तर कांडप आजच बंद केलं असतं, आणि वहीचा निकाल लागेपर्यंत दळणाला माणूस ठेवला असता, थोडी मिळकत गेली तरी. निकाल गिरणीविरुद्ध गेला तर गिरणी भाड्याने द्यायचा विचार करा. तोवर पीठ पडतं तिथे कापडी बाही डब्याच्या तोंडापर्यंत घट्ट बांधा, पंखा बाहेर हवा फेकणारा बसवा, झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा, कपडे बदलून मगच घरात या. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक पीठ अडवत नाही. एन-९५ मास्क थोडं अडवतो, पण वावडं आलेल्या माणसाला तेवढं पुरत नाही.

मुलीच्या लग्नाबद्दल थोडक्यात. गिरणीच्या पिठाने आईला झालेला दमा मुलीच्या वाट्याला जाईल असं समजायचं कारण नाही, आणि पाहुण्यांना भीती वाटली तर हे त्यांना असंच सांगा. लपवण्यापायी तुम्ही पंप कपाटात ठेवत असाल तर मात्र माझा विरोध आहे. तो स्वयंपाकघरात, दिसेल असा हवा. घरात प्रत्येकाला तो कुठे आहे हे ठाऊक हवं.

आणि कोजागिरी. दम्याचा स्वभावच चढ-उताराचा. माणूस औषध शोधत निघतो ते त्रास टिपेला असताना, आणि टिपेनंतर उतार आपसूक येतो. मग श्रेय कोजागिरीला औषध घालून देतात त्या खिरीला जातं, तसंच मृगाला हैदराबादेत जाऊन गिळलेल्या माशाला. चांदण्यात चार माणसांत बसायला तुम्हाला बरं वाटत असेल तर जरूर जा. शाल घ्या, रात्रीचा पंप घेऊन मगच निघा, निळा पर्समध्ये असू द्या, आणि ‘आज बाकीची औषधं बंद ठेवा’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. खिरीत काय घातलंय ते विचारा. नाव सांगणार नसतील तर साध्या आटीव दुधावर भागवा, केशर जास्त घालून.